नर्सिंग शिकत असताना अर्धवेळ नर्सिंग असिस्टंटचे काम : नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

नाशिक शहरातील नर्सिंग महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुला-मुलींपैकी अनेक जण सुरगाणा, कळवण, चांदवड, येवला, निफाड अशा तालुक्यांतून आलेले असतात. घरी पैसा येतो तो कांदा किंवा द्राक्ष विकल्यावर, म्हणजे हंगामात एकदा. खानावळीचे, खोलीभाड्याचे आणि बसच्या पासचे पैसे मात्र दर महिन्याला द्यावे लागतात. दुसरीकडे मुंबई नाका, गंगापूर रोड, नाशिक रोड या भागांतील खाजगी रुग्णालयांना हाताखाली माणसे नेहमीच हवी असतात आणि नर्सिंगचा विद्यार्थी म्हटला की ती ताबडतोब ‘उद्यापासून या’ म्हणतात. त्यामुळे काम मिळवणे हा अवघड भाग नाही. ते कोणत्या नावाने, किती तास आणि कोणाच्या देखरेखीखाली करायचे, हे आधी ठरवणे महत्त्वाचे असून हा लेख मुख्यतः त्याविषयी आहे.

काम शोधण्यापूर्वी कामाची खरोखर गरज आहे का, हे एकदा कागदावर मांडावे. महाडीबीटी पोर्टलवरील शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत न भरल्यामुळे किंवा उत्पन्नाचा दाखला जुना झाल्यामुळे अनेकांचे हक्काचे पैसे जातात आणि मग तेवढीच रक्कम मिळवण्यासाठी वर्षभर रात्रपाळ्या कराव्या लागतात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेतलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली. घरापासून दूर वसतिगृहात किंवा भाड्याने राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे. आपला अभ्यासक्रम आणि प्रवेशाचा प्रकार यांत बसतो का, हे महाविद्यालयाच्या कार्यालयातील लिपिकाला विचारावे, आणि ‘नंतर या’ असे उत्तर मिळाले तर खरोखरच नंतर जावे.

असिस्टंट कोण आणि नर्स कोण

नर्सिंग असिस्टंट म्हणजे रुग्णाच्या दैनंदिन शुश्रूषेत नर्सला मदत करणारी व्यक्ती. कौशल्य विकास अभ्यासक्रमांत याच कामाला जनरल ड्युटी असिस्टंट म्हणतात आणि वॉर्डात मावशी, मामा, केअरटेकर अशी नावे चालतात. रुग्णाला स्पंज देणे (ओल्या फडक्याने अंग पुसणे), कूस बदलणे, बेडपॅन व युरिनल देणे, भरवणे, चादर बदलणे, तपासणीसाठी व्हीलचेअरवरून नेणे, तापमान व नाडी मोजून सिस्टरला सांगणे, लघवीच्या पिशवीतील मोजमाप लिहिणे ही त्याची कामे आहेत. इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, त्यात औषध मिसळणे, औषधाची मात्रा ठरवणे, रक्त चढवणे, कॅथेटर (लघवीची नळी) किंवा रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालणे ही त्याची कामे नाहीत.

विद्यार्थ्याच्या बाबतीत ही रेषा पुसट होते, कारण यातील काही गोष्टी त्याला येत असतात. महाविद्यालयाच्या क्लिनिकल पोस्टिंगमध्ये शिक्षिकेच्या देखरेखीखाली त्याने इंजेक्शन दिलेले असते, म्हणून नोकरीच्या ठिकाणीही ‘तुला येते ना, देऊन टाक’ असे सांगितले जाते. परंतु पोस्टिंगमध्ये ते काम शिक्षणाचा भाग असते आणि त्याची जबाबदारी संस्था घेते. नोकरीत तसे कोणीही पाठीशी नसते. महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करण्यासाठी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी लागते आणि ती अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावरच मिळते. शुश्रूषागृहांच्या नोंदणीच्या १९४९ च्या कायद्यानेही रुग्णालयात अर्हताप्राप्त परिचारिका योग्य प्रमाणात असणे अपेक्षित धरले आहे. ज्या छोट्या रुग्णालयात रात्री एकही नोंदणीकृत सिस्टर नसते आणि वॉर्ड दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीवर सोडलेला असतो, तेथे पगार कितीही चांगला असला तरी थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे काही बरेवाईट झाले तर नातेवाइकांसमोर आणि चौकशीतही पहिले नाव त्या मुलीचेच पुढे येईल.

नकार देण्याची भाषा आधीच तयार ठेवावी, कारण रात्री दोन वाजता शब्द सुचत नाहीत. “सिस्टर, मी विद्यार्थिनी आहे, माझी नोंदणी झालेली नाही, त्यामुळे इंजेक्शन मी देणार नाही. तुम्ही येईपर्यंत मी आजींजवळ थांबते, बीपी आणि ऑक्सिजन पाहून सांगते.” या वाक्यांत उद्धटपणा नाही आणि रुग्णाला वाऱ्यावरही सोडलेले नाही. एकदा नकार देऊनही दर पाळीला हाच आग्रह होत असेल, तर इन्चार्ज सिस्टर किंवा मेट्रन (परिचारिकांच्या प्रमुख) यांच्याकडे लेखी सांगावे. तेही जमत नसेल तर काम बदलावे.

किती तास

भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित रचनेनुसार बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सात सत्रांत आठवड्याला ४० तास अध्यापन व क्लिनिकल धरलेले आहे. थिअरीला किमान ८० टक्के हजेरी लागते आणि क्लिनिकलची हजेरी पदवी मिळण्यापूर्वी १०० टक्के पूर्ण करावी लागते, म्हणजे बुडवलेली प्रत्येक पोस्टिंग पुढे भरून द्यावीच लागते. जीएनएम या नर्सिंग पदविकेलाही हाच हिशेब आहे. नोकरीतील तास या क्लिनिकल तासांत धरले जात नाहीत. ते कुठेतरी ‘ॲडजस्ट’ होतील या समजुतीत कोणी राहू नये.

आता आठवड्याचा हिशेब मांडू. एकूण तास १६८. त्यातून महाविद्यालयाचे ४० गेले, रोज ७ तास झोप धरली तर ४९ गेले, प्रवास, जेवण, आंघोळ, कपडे यांना रोज ३ तास धरले तर २१ गेले आणि तितकेच अभ्यासाला दिले तर आणखी २१ गेले. कागदावर ३७ तास उरतात. परंतु या ३७ तासांतच केस स्टडी, केअर प्लॅन, जर्नल, प्रोसिजरची फाईल, घरचा फोन, आजारपण आणि गावचे लग्न हे सगळे बसवायचे असते. म्हणून आठवड्याला १२ तास ही सुरुवातीची मर्यादा मानावी आणि एक सत्र नीट पार पडल्याशिवाय १६ च्या वर जाऊ नये. अनेक खाजगी रुग्णालयांत सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ अशा पाळ्या असतात. शनिवारी दुपारची आणि रविवारी सकाळची पाळी घेतली तर बरोबर १२ तास होतात, रविवारची दुपार अभ्यासाला मिळते आणि सोमवारच्या पोस्टिंगला माणूस झोपलेला नसतो असे होत नाही.

रात्रपाळीबद्दल अधिक सावध राहावे लागते. रात्री जागून सकाळी थेट वॉर्ड पोस्टिंगला जाणारा विद्यार्थी औषधाच्या नावात चूक करतो, टोचणीची इजा करून घेतो किंवा उभ्या उभ्या भोवळ येऊन पडतो, आणि यातील काहीही झाले तरी शिक्षिकेला कारण सांगता येत नाही. रात्रपाळी घ्यायचीच असेल तर ज्या दिवसानंतर सुटी आहे त्याच दिवशी घ्यावी. परतीचाही विचार आधी करावा: सिटीलिंकच्या बसचे वेळापत्रक पाहून ठेवावे, आणि द्वारका किंवा निमाणीहून रात्री उशिरा एकट्याने शेअर रिक्षा शोधावी लागणार असेल तर रुग्णालयाने वाहन द्यावे असे कामाला लागतानाच सांगावे. आडगावच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या, पंचवटीत राहणाऱ्या मुलीला नाशिक रोडचे काम ५०० रुपये जास्त मिळतात म्हणून परवडत नाही. मुंबई नाक्याचे, महामार्गावरून सरळ गाठता येणारे काम परवडते.

पहिल्या सत्रात काम घेऊ नये. नर्सिंग फाउंडेशनचा पाया, हात धुण्याची आणि रुग्ण हलवण्याची पद्धत, तसेच बीएलएसचे (हृदय किंवा श्वास थांबल्यास करायच्या प्राथमिक जीवरक्षणाचे) प्रशिक्षण पदरात पडल्यावर हेच काम कितीतरी सोपे आणि सुरक्षित होते. शेवटच्या सत्रातही नको, कारण बी.एस्सी.च्या आठव्या सत्रात आठवड्याला ४८ तासांची इंटर्नशिप असते.

रुग्णालय की ब्युरो

महाविद्यालयाची परवानगी आधी घ्यावी. काही संस्थांच्या वसतिगृहात बाहेर काम करण्यास मनाई असते, काही ठिकाणी प्राचार्यांच्या लेखी संमतीने चालते. चोरून केलेले काम नाशिकसारख्या गावात लपत नाही, कारण ज्या रुग्णालयात काम करतो तेथेच आपल्या शिक्षिकेचे सासरे ॲडमिट होऊ शकतात. अर्जात रुग्णालयाचे नाव, पदाचे नाव, वार आणि वेळ लिहावी आणि पालकांची सही जोडावी.

शिकणाऱ्यासाठी मध्यम आकाराचे, प्रत्येक पाळीला नोंदणीकृत सिस्टर आणि रात्रीही आरएमओ (निवासी डॉक्टर) असणारे रुग्णालय सर्वांत चांगले. मुलाखतीला गेल्यावर पगाराआधी तीन गोष्टी विचाराव्यात: वॉर्डात एका पाळीला किती सिस्टर असतात, माझ्या नियुक्तिपत्रात पद कोणते लिहाल आणि परीक्षेच्या काळात रजा मिळेल का. उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला तर त्यातूनही बरेच कळते.

नर्सिंग ब्युरोमार्फत घरी जाऊन रुग्ण सांभाळण्याचे काम नाशिकमध्ये वाढले आहे. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशात, आणि इंदिरानगर किंवा गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आजी-आजोबा दोघेच, अशी घरे अनेक आहेत. या कामात पैसे बरे मिळतात, पण देखरेख करणारे कोणी नसते, आणि विद्यार्थ्याला सर्वांत जास्त गरज त्याचीच असते. २४ तासांची ड्युटी अजिबात घेऊ नये. १२ तासांची घ्यायची झाल्यास रुग्णाचा आजार, नळ्या कोणत्या आहेत, घरात कोण असते, ब्युरोचे कमिशन किती आणि पैसे कोण देणार हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावे, पहिल्या दिवशी घराचा पत्ता मैत्रिणीला पाठवावा. घरकाम, धुणीभांडी आणि नातवंडे सांभाळणे हा शुश्रूषेचा भाग नाही, हेही पहिल्याच दिवशी गोड शब्दांत स्पष्ट करावे.

कागदपत्रे आणि पैसे

मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला कोणालाही ‘ठेवून घेण्यासाठी’ देऊ नये. काम सोडू नये म्हणून मूळ कागद अडकवून ठेवण्याची खोड अजून काही ठिकाणी आहे. दाखवावे, झेरॉक्स द्यावी आणि परत आणावे. पगार बँक खात्यात घ्यावा. रुग्णालयांतील कामासाठी किमान वेतन ठरवून दिलेले असते आणि त्यातील विशेष भत्ता जानेवारी व जुलैमध्ये बदलतो, म्हणून अर्धवेळ पगार ठरवताना त्याच्याशी तुलना करून तासाचा दर काढावा. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारातून ०.७५ टक्के कपात होते. ही कपात नकोशी मानू नये, कारण वैद्यकीय उपचार त्यातूनच मिळतात. व्यवसाय कर महाराष्ट्रात महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर लागत नाही, पुरुषांना मात्र ७,५०० च्या वर लागतो. मुलींच्या पगारातून तरीही २०० रुपये कापले जात असतील तर पगारपत्रक मागावे.

दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक रुग्णालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावलेली आहेत का, हे आत शिरतानाच पाहता येते.

स्वतःचे शरीर

कामाला लागण्यापूर्वी हिपॅटायटिस बीची लस पूर्ण करावी: पहिली मात्रा, एक महिन्यानंतर दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी केली तर संरक्षण तयार झाले की नाही हे समजते. असिस्टंट स्वतः सुई टोचत नसला तरी चादरीत, ट्रेमध्ये आणि कचऱ्याच्या पिशवीत दुसऱ्याने टाकलेली सुई त्याच्याच हाताला लागते. तसे झाल्यास जागा साबण-पाण्याने धुवावी, दाबून रक्त काढू नये, तोंडात बोट घालू नये, लगेच इन्चार्ज सिस्टरला सांगून नोंद करावी. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो पहिल्या २ तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात व ती २८ दिवस घ्यावी लागतात. त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालयात जाण्याची वेळ आली तर ‘उद्या लेक्चर झाल्यावर जाऊ’ असे म्हणू नये.

जैववैद्यकीय कचऱ्याचे रंग चुकू नयेत: रक्त-पू लागलेला कापूस, ड्रेसिंग, डायपर पिवळ्यात, नळ्या, लघवीची पिशवी, हातमोजे लाल पिशवीत, सुया व ब्लेड पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. महाविद्यालयाचा गणवेश नोकरीवर वापरू नये, आणि नोकरीचे कपडे खोलीवर इतर कपड्यांत भिजवू नयेत. पाठीची काळजी तर विशेष घ्यावी. वजनदार रुग्णाला एकट्याने उचलू नये. पलंगाची उंची कमरेपर्यंत घ्यावी, गुडघे वाकवावेत, खालची चादर घेऊन दोघांनी सरकवावे. तिशीच्या आत कंबर धरून बसलेल्या सिस्टर प्रत्येक वॉर्डात एखाद-दुसरी भेटतेच.

काम करता करता शिकणे

या कामाला हलके समजणाऱ्यांत नर्सिंगचे विद्यार्थीही असतात, हे खेदाने म्हणावे लागते. वास्तविक रुग्णाच्या अंगाला सर्वांत जास्त वेळ हात लागतो तो असिस्टंटचा, आणि म्हणून बिघाडाची पहिली खूण त्यालाच दिसते. स्पंज देताना माकडहाडावरची त्वचा लाल दिसली, तर बोटाने दाबून पाहावे. दाबल्यावर जागा पांढरी न पडता लाली तशीच राहत असेल, तर बेडसोरची (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात झालेली आहे. तेथे मालिश करू नये, कूस बदलावी, वेळ लिहावी आणि सिस्टरला दाखवावे. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम पुस्तकात एका ओळीत असतो. त्या ओळीचा अर्थ असा वॉर्डात कळतो.

मोजमापांतही हेच. श्वास मोजताना पूर्ण एक मिनिट मोजावा आणि रुग्णाला तसे सांगू नये, कारण सांगितले की तो श्वास वेगळा घेऊ लागतो. मनगट धरून नाडी मोजत असल्याचेच दाखवावे आणि नजर छातीवर ठेवावी. ऑक्सिजनचे यंत्र गार बोटावर, गडद नेलपॉलिशवर किंवा मेंदीवर चुकीचा आकडा दाखवू शकते, म्हणून लग्नसराईत आलेल्या रुग्णाचे बोट बदलून पाहावे आणि मगच घाबरावे. लघवीची पिशवी कमरेच्या खाली टांगावी, जमिनीला टेकू देऊ नये, स्ट्रेचरवर नेताना रुग्णाच्या पोटावर तर मुळीच ठेवू नये.

सिस्टरला सांगताना आकड्यांत सांगण्याची सवय लावून घ्यावी. “सिस्टर, ते सात नंबरचे आजोबा बरे वाटत नाहीत” या वाक्यावर कोणी उठत नाही. “सात नंबर, न्यूमोनियाचे आजोबा. चार वाजता ऑक्सिजन ९६ होता, आता ९१ आहे, श्वास मिनिटाला २८, बोलताना थांबत आहेत. मी त्यांना टेकून बसवले आहे, तुम्ही येऊन पाहा” या वाक्यावर सिस्टर चालत नाही, धावत येते. हेच सांगणे पुढे स्टाफ नर्स म्हणून डॉक्टरांना फोनवर करावे लागते.

सुरगाणा, पेठ या भागांतून आलेले वयस्कर रुग्ण घरी कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) बोलतात आणि दुखणे नेमके सांगण्यास संकोचतात. अशा वेळी ‘दुखतंय का’ असे विचारून ‘नाही’ हे उत्तर लिहिण्याऐवजी हात ठेवून ‘आजी, इथे की इथे’ असे विचारावे. त्या भागातील विद्यार्थ्यांना ही भाषा येते, आणि वॉर्डात ती लपवण्याची नव्हे, वापरण्याची गोष्ट आहे.

रुग्णाचा फोटो, रिपोर्टचा फोटो, वॉर्डातील रील किंवा स्टेटस, यांपैकी काहीही करू नये. चेहरा झाकलेला असला तरीही. घरी किंवा वसतिगृहात सांगायचे झाल्यास नाव, गाव आणि आडनाव वगळून सांगावे, कारण निफाडच्या माणसाचा आजार नाशिकच्या वसतिगृहातून निफाडला पोचायला एक दिवसही लागत नाही.

परीक्षा आणि काम सोडणे

विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या परीक्षेचे वेळापत्रक आले की त्याच दिवशी रजेचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेली रजा पाळीचा तक्ता करणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण घसरले, दोन आठवडे सलग फाईल अपुरी राहिली किंवा हजेरी ८५ टक्क्यांच्या खाली आली, तर पाळ्या कमी कराव्यात आणि तरी सावरत नसेल तर काम सोडावे. सोडताना नियुक्तिपत्रात लिहिलेल्या मुदतीची नोटीस द्यावी, कारण नाशिकमधील रुग्णालयांच्या मेट्रन एकमेकींना ओळखतात. अनुभवाचे प्रमाणपत्र मागताना त्यात ‘नर्सिंग असिस्टंट, अर्धवेळ’ असेच लिहून घ्यावे. काही ठिकाणी प्रेमापोटी ‘स्टाफ नर्स’ लिहून देतात; ते घेऊ नये, कारण पुढे नोकरीच्या अर्जाला जोडल्यावर प्रमाणपत्राची तारीख नोंदणीच्या तारखेआधीची निघते आणि खुलासा आपल्यालाच करावा लागतो.